पाळणा खरवडायचा म्हणजे

दसरा झाला आणि परत ते दिवस आले. दिल्लीत या दिवसांत घरं उलटी होतात. आतलं सगळं बाहेर येतं, गाद्या गच्चीवर, डबे व्हरांड्यात, कुणाचा तरी पलंग जिन्यात आडवा, त्याला ओलांडून जायचं. दुकानांपुढे चुन्याच्या थैल्या, रंगाचे डबे, बांबूला बांधलेल्या कुच्या. आमच्या कँटोन्मेंटमध्ये तर झाडांनासुद्धा रंग देतात, खाली गेरू आणि वर चुन्याचा पट्टा, दिवाळीला साहेब लोक फिरतात म्हणून. आणि रस्त्याच्या कडेला ओळीनं सातवीण लावलीय, ती नेमकी आत्ताच फुलते. वास गोड, पण जड. संध्याकाळी धूर खाली उतरतो, त्यात तो वास, त्यात कुणाच्या तरी दाराला दिलेल्या ऑइलपेंटचा वास, सगळं मिळून घशात बसतं.

दुसऱ्यांना हा वास आला की दिवाळी आल्यासारखं वाटतं. माझा हात आधी जुईच्या तोंडात जातो. बोट घालून बघते, हिरड्या, जीभ, गालाच्या आत. आता तिला दात भरपूर आलेत, चांगली चावते. शेजारची हरयाणाची दीदी हसते, म्हणते, "जुई की मम्मी, लड़की के मुँह में खजाना है के?" खजाना काही नाही. बिस्किटाचा भुगा असतो. तरी मी बघते, कारण गेल्या वर्षी याच दिवसांत असायचं. हिरवं असायचं, कधी पिवळं, तांदळाच्या कणीएवढं. रंगाचा पोपडा.

पाळण्याचा.

पाळणा सासरचा. यांच्या पणजोबांनी करवून घेतलेला, सागाचा. दोन्ही बाजूंना कातलेल्या गजांचे कठडे, उशाला एक रुंद फळी, आणि फळीवर तोंडाला तोंड लावलेले दोन राघू रंगवलेले. हिरवा, पिवळा, लाल, असा रंग होता म्हणायचं, कारण निम्मा उडालेला आणि उरलेल्यावर तेलाचा, चुलीच्या धुराचा, कुणाकुणाच्या हातांचा काळा थर. माझं बाळंतपण माहेरी झालं, बारसं सासरी गावाला, याच पाळण्यात. हे फौजेत नाईक आहेत, तेव्हा नुकतीच दिल्लीला बदली होऊन क्वार्टर मिळालं होतं. सुट्टी संपल्यावर हे मला, जुईला आणि सुटा करून गोणपाटात बांधलेला पाळणा, सगळं रेल्वेनं घेऊन आले. आत्यांनी तशी अटच घातली होती. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्या साताऱ्याकडे सासूला आत्याच म्हणतात. म्हणाल्या, "लेकरू चालंपतोर ह्यातच निजवायचं. मधी काढायचं न्हाय."

त्याचं कारण सांगायला पाहिजे, नाहीतर माझी भीती कुणाला कळायची नाही.

आमच्या घरात बारशाला मूल पाळण्यात घालताना आई काजळाचं बोट मुलाच्या गालाला लावते आणि तेच बोट उशाच्या फळीला टेकवते. एक तीट मुलाला, एक पाळण्याला. मग मूल आपल्या पायानं चाललं की त्याला पाळण्यातून कायमचं उतरवतात, आणि त्या दिवशी आईच करडईच्या तेलाचं बोट फिरवून पाळण्यावरचा ठिपका पुसते. दुसऱ्या कुणी पुसायचा नाही. आपापल्या लेकराचा आपण.

म्हणजे फळी स्वच्छ असायला पाहिजे. पण राघूंच्या पायाखाली काळे ठिपके आहेत. मी बारशादिवशीच बघितले आणि कुणाला विचारलं नाही, विचारावं लागत नाही. जी मुलं चालली नाहीत, त्यांचे ते. एक आत्यांच्या सुमनचा, ती पहिली, यांच्या आधीची. बाकीचे कुणाचे ते आत्यांनाही ठाऊक नाही, त्यांच्या सासूच्या किंवा त्याच्याही मागच्या बायकांचे असतील. मी माझं बोट टेकवताना जागा शोधली होती. जरा लांब, फळीच्या दुसऱ्या कडेला.

जुई नवव्या महिन्यात कठडा धरून उभी राहायला लागली आणि तोंड बरोबर कठड्याला लागायला लागलं. दात येत होते, शिवशिवत असणार. मी हसायचे, उंदीर म्हणायचे तिला. मग लसीला घेऊन गेले तेव्हा डॉक्टर मॅडमनी जीभ दाबायची काडी तिच्या तोंडात घातली आणि काडीच्या टोकाला हिरवं आलं. त्यांनी ते उजेडात धरलं, मला विचारलं हे काय, मी सांगितलं पाळणा, त्यांनी विचारलं किती जुना, मी सांगितलं पणजोबांचा, आणि त्यांचा चेहरा बदलला. बोटातून नाही, दंडातून रक्त काढलं. रिपोर्ट आला. म्हणाल्या, "थोड़ा बढ़ा हुआ है. सीसा." शिसं. जुन्या रंगात घालायचे म्हणे, रंग टिकावा म्हणून. मी विचारलं काय होतं त्यानं. त्या म्हणाल्या, डोक्यावर होतं, वाढीवर होतं, बोलण्यावर होतं, पण आत्ता घाबरायचं नाही, फक्त ती वस्तू आजपासून बंद. नाहीतर रंग पूर्ण खरवडून काढायचा, तोही पाणी मारून, कोरडा घासायचा नाही, धूळ उडाली तर ती जास्त वाईट.

घाबरायचं नाही असं सांगितल्यावर माणूस किती घाबरतं ते त्यांना ठाऊक नसावं.

बंद करा, सोपं आहे ना. काढून ठेवा माळ्यावर. हे पण तसंच म्हणाले. पण मी तिला चालायच्या आधी उतरवली आणि पाळणा रिकामा ठेवला, तर फळीवर तिचा ठिपका राहतो. रिकामा पाळणा आणि न पुसलेला ठिपका, त्याचा आमच्याकडे एकच अर्थ आहे. आणि खरवडला तर तो ठिपका चालायच्या आधीच जातो, असं आजवर कुणी केलेलंच नाही, त्याचा अर्थ काय ते कुणालाच माहीत नाही. मी नववी अर्धी सोडलेली बाई, मला शिसं कळत नाही आणि शकुनही धड कळत नाही. दोन्हीकडून भीती तेवढी कळते.

आत्यांना फोन केला.

"आत्या, डॉक्टर म्हणतात पाळणा खरवडायचा."

"खरवडायचा म्हंजी?"

"रंग काढायचा सगळा. विष आहे म्हणे त्यात."

"इख? आगं, तुजा नवरा त्यातच वाढला. त्याचा बाप वाढला. कुणाला बाधलं?"

  मग आत्याच हळू आवाजात म्हणाल्या, "आन सुमीचा ठिपका?"

तेवढंच. मग परत नेहमीचा आवाज काढून म्हणाल्या, "कठड्याला फडकं बांध घट. लाकडाला हात लावायचा न्हाय."

फडकं बांधलं. जुनी साडी फाडून गजागजाला गुंडाळली, दोरा मारला. जुई हातानं उसकटायची, दातानं ओढायची, मी भाकरी थापून वळले की फडकं खाली लोंबतंय आणि पोरगी मजेत चावतेय. तिखट लावून बघितलं, कडुनिंबाचा पाला वाटून लावला. तिनं तोंड वाकडं केलं आणि शेजारचा गज धरला. मी तिला सारखी कडेवर घ्यायला लागले. स्वयंपाक कडेवर, धुणं कडेवर. झोपली की पाळण्यात ठेवायची आणि तिथेच बसायचं, तोंडाकडे बघत.

बसल्या बसल्या मी फळीकडे पण बघायचे. भांडं घासलं की उजळतं आणि भांडं राहतं. लाकडाचं तसं नाही. लाकूड घासलं की लाकूडच जातं थोडं. वरचा थर गेला तो गेला, त्यात कुणाचं बोट होतं, कुणाच्या चुलीचा धूर होता, तो परत येत नाही. आपण घाण म्हणतो, पण नुसती घाण असती तर माझा हात इतका अडला नसता. आणि मग वाटायचं, हे सगळं खरं असलं तरी माझी पोरगी तेच खातेय. त्या बायकांचे हात, त्यांचा धूर आणि त्यांचं विष, सगळं एकत्र. वेगळं करून कसं काढायचं?

दिवाळीच्या आधी बायकांच्या कार्यक्रमाचं सांगायला एक मोठ्या मेमसाहेब आमच्या ब्लॉकमध्ये आल्या होत्या. पाळणा बघून दारातच थांबल्या. चप्पल काढून आत आल्या, वाकून राघू बघितले, हात लावला नाही, मोबाइलवर फोटो काढले. "यह तो एंटीक है. इसको बिल्कुल मत छेड़ना. ये पॉलिशवाले नाश कर देते हैं. यह जो मैल दिख रहा है ना, यही तो इसकी उम्र है."

मी सांगितलं, बेबी चावते.

"तो बेबी को कॉट दिला दो ना," असं अगदी मायेनं म्हणाल्या. सुंदर साडी होती त्यांची. त्या गेल्यावर मला वाटलं, त्या आणि आत्या एकमेकींना कधी भेटणार नाहीत, एकीची भाषा दुसरीला कळणार नाही, पण दोघी एकच सांगतात, हात लावू नकोस. आणि डॉक्टर मॅडम एकट्या दुसरं सांगतात. आणि मी मध्ये, कडेवर पोरगी.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. भांडी घासताना एकदम मनात आली आणि माझ्या हातातून तवा पडला. सुमन रांगायला लागली होती, एवढं मला माहीत होतं. रांगत होती म्हणजे दात येत असणार. दात येत होते म्हणजे कठडा... पुढे मी विचारच केला नाही. नळ मोठा सोडला. पण तो विचार गेला नाही. ते सगळे ठिपके रांगणाऱ्या मुलांचे असतील तर? कशानं गेली ती, ताप, जुलाब, नजर, आमच्याकडे कोण विचारतं, कोण सांगतं.

जुई आता दोन वर्षांची होईल. चालते, पळते, जिन्याला फाटक लावावं लागलंय. बोलत नाही. आई म्हणते, दे म्हणते, कुत्र्याला भू म्हणते, बस. दीदीचा मुलगा तिच्यापेक्षा लहान, तो पूर्ण वाक्यं बोलतो, भांडतो. मध्ये परत रक्त तपासलं तेव्हा शिसं खाली आलं होतं, आता दिवाळीनंतर परत बोलावलंय. डॉक्टर मॅडम म्हणतात, घरात मराठी, बाहेर हिंदी, अशी मुलं कधी कधी उशिरा बोलतात. असेल. मी रोज तिच्याशी बोलते, हे पातेलं, हा चमचा, ही चिमणी, दिवसभर माझं तोंड बंद नसतं, हे घरी आले की म्हणतात, यार, जरा तिला पण चान्स दे. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघते. मला वाटतं तिला सगळं कळतं. मला वाटतं, पण मला काय, मला काहीही वाटतं.

तर गेल्या वर्षी. आत्या दिवाळीला येणार म्हणून कळलं आणि यांनी सगळ्यांचा तोडगा काढला. मी जुईला घेऊन दवाखान्यात गेले होते, परत आले तर दारातूनच वास. व्हरांड्यात वर्तमानपत्रं पसरलेली, हे बनियनवर, हातात ब्रश, आणि पाळणा नवा कोरा. पोपटी. कठडे, गज, फळी, राघू, ठिपके, सगळ्यावरून एकच पोपटी. आणि पाळणा टांगायच्या चौकटीच्या पायांना खाली गेरू आणि वर पांढरा पट्टा. रस्त्यावरच्या झाडासारखा.

"डब्यावर लिहिलंय बघ, लेड नाही. दुकानदाराला दोनदा विचारलं," हे म्हणाले. "वरून सीलबंद. खरवडायला नको, काही नको. आईची पण तक्रार नाही, आपण काढलं काहीच नाही. आता चाटू दे काय चाटायचं ते."

इतके खूश होते.  फौजेत असंच असतं, इन्स्पेक्शनला वरचं दिसतं तेवढं बघतात, आत कुणी बोट घालत नाही. पण जुईचे दात इन्स्पेक्शनला आले नव्हते. रंग वाळल्यावर तिला परत आत ठेवली आणि पोपटी दोन-चार दिवस टिकला. मग कठड्यावर खाचा दिसायला लागल्या, बारीक, अर्धगोल. वर पोपटी, त्याच्या खाली काळा, त्याच्या खाली पिवळा, मग जुना हिरवा, आणि अगदी आत लाकूड.

आत्या आल्या. गाडीतून उतरून डोक्यावर गाठोडं, चिवडा, करंज्या, करडईच्या तेलाची बाटली. घरात येऊन पाणी प्यायल्या आणि पाळणा बघितला. बघतच राहिल्या. मग मुलाला म्हणाल्या, "ह्यो पाळणा हाय, का तुज्या बराकीपुढचं झाड?"

हे हसले, कान धरला. आत्या हसल्या नाहीत. फळीजवळ गेल्या आणि तळवा ठेवला. पोपटी रंगावर काहीच दिसत नव्हतं, गुळगुळीत. त्यांचा अंगठा सरकत सरकत गेला आणि एका जागी थांबला. "हितं," म्हणाल्या. आणि चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवत होतो. जुई पाळण्यात उभी, कठडा तोंडात. रंग देताना यांनी सोडलेलं फडकं मी परत बांधलंच नव्हतं, टिकायचं कुठे ते. आत्या जेवता जेवता तिच्याकडे बघत होत्या. मग ताटावरून उठल्या, खरकट्या हातानं नाही, डाव्या हाताचं बोट तिच्या तोंडात घातलं आणि जिभेवरचा पोपडा काढला. खिडकीशी नेऊन बघितला.

"केवढं खाल्लं म्हंजी बाधतं?"

"माहीत नाही आत्या. थोडं थोडं साठतं म्हणतात."

त्या किती तरी वेळ बोटाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "तिला बी लई आवडायचा ह्योच कठडा."

मी घास तसाच धरून बसले. हे पण खाली बघत होते. म्हणजे माझ्या मनात जे आलं होतं ते आता त्यांच्या मनात आलं, आणि मी ते अडवू शकले नाही. ताप होता आत्या, असं काहीतरी म्हणायला पाहिजे होतं. मला काय माहीत ताप होता की काय होतं.

त्यांनी हात धुतला. "लेकीला बाहेर काढ."

"आत्या, ती अजून चालत नाही. ठिपका..."

"चालंल."

जुईला खाली उभी केली. आत्यांनी दोन्ही हातांची बोटं तिच्या मुठीत दिली आणि वाकून भिंतीपासून चालवायला लागल्या. तिचे पाय मऊ, गुडघ्यात दुमडत होते, निम्मी तर ती लोंबकळतच होती, आणि हसत होती. बाल्कनीच्या दाराला सिमेंटचा उंबरा आहे, तिथपर्यंत नेली. "चालली का न्हाय?" मुलाला विचारलं.

"चालली, आई."

"तू सांग."

"चालली," मी म्हणाले. वर कुणी बघत असेल तर त्याला ते चालणं वाटलं का, मला माहीत नाही. अजून माहीत नाही.

"मग पूस."

तेलाचं बोट मी पोपटी रंगावर फिरवलं, जिथे माझा ठिपका खाली असेल असं वाटलं तिथे. जुई यांच्या कडेवर गेली. मला वाटलं झालं आता.

पण आत्या परत भिंतीपाशी गेल्या. पदर खोचला, वाकल्या, दोन्ही हातांची दोन-दोन बोटं पुढे केली, मघासारखीच. त्या बोटांत काही नव्हतं.

"चल सुमे."

आणि हळूहळू यायला लागल्या. एक पाऊल, मग थांबायचं, लहान पायांना वेळ द्यावा तसं. मध्येच एका बाजूला झुकल्या, सावरलं कुणाला तरी. जुई यांच्या कडेवरून वाकून बघत होती. यांनी तोंड फिरवलं. उंबऱ्याशी आल्यावर आत्या थांबल्या आणि खाली बघून म्हणाल्या, "उंबरा हाय. पाय उचल."

मग कंबर धरून सरळ झाल्या. पाळण्याशी गेल्या, तेलात बोट बुडवलं, अंगठा जिथे थांबला होता तिथे फिरवलं. एकदा, परत एकदा.

"आत्या, बाकीचे?" मी विचारलं. 

"त्यांच्या आया कवाच पोचल्यात त्यांच्यापाशी. त्यांचं त्या बघत्यात." मग मुलाला म्हणाल्या, "पोरीला घेऊन लांब जा, बागेत बस. हाक मारंपतोर येऊ नगंस." हे गेले. आत्यांनी पदर नाकावरून घट्ट बांधला, माझ्याही तोंडाला फडकं बांधलं, बादली ओढून फळीवर पाणी ओतलं, आणि भाकरीचं उलथनं उचलून पहिला हात राघूंच्या पायाशी त्यांनीच मारला.